वीस बिघ्यांचा भुसा आणि पेट्रोलमधलं इथेनॉल

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरजवळ देपालपूरकडे घरची वीस बिघे शेती, खरिपात सोयाबीन, रब्बीत गहू. नरवाई (कापणीनंतर शेतात उरलेले खुंट-काड) पेटवायची सोय उरली नाही, दंड होतो. सोयाबीनचं भुसकट बांधावर पडून कुजतं. एक टन भुश्यातून 400 लिटर इथेनॉल निघतं असं तुमच्या वाचनात आलं आणि पेट्रोलमध्ये तर आता 20 टक्के इथेनॉल असतंच. मग आपणच छोटा प्लांट टाकला, थोडं इथेनॉल घरच्या गाड्यांत घातलं, उरलेलं विकलं, तर जमेल का आणि खर्च किती?

आधी उत्तर, मग कारणं. इथेनॉल निघेल. 400 लिटर निघणार नाही. घरच्या गाडीत घालू नका. आणि वीस बिघ्यांवर हा धंदा उभा राहणार नाही, दोनशे बिघ्यांवरही नाही. हे नाउमेद करायला लिहीत नाही. तीसेक वर्षं डिस्टिलऱ्यांत काढली, त्यातली बहुतेक मळीवर आणि शेवटची काही वर्षं भुश्यावर. मळीवर जे शिकलो त्यातलं निम्मं भुश्यासमोर विसरावं लागलं.

आकडा कुठून आला ते बघू, कारण तो खोटा नाही, कागदी आहे. सुका गव्हाचा भुसा एक टन घ्या. त्यात साधारण 380 किलो सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजच्या कणांची लांब साखळी. त्याला पाणी लावून फोडलं की 422 किलो ग्लुकोज होतं (पाणी जोडलं जातं म्हणून वजन वाढतं). यीस्ट ग्लुकोजच्या जास्तीत जास्त 51 टक्के अल्कोहोल देतं, बाकीचा कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो. म्हणजे 215 किलो, लिटरमध्ये 273. शिवाय 250 किलोच्या आसपास हेमिसेल्युलोज असतं, त्यातली झायलोज नावाची साखरही पूर्ण आंबवली तर आणखी 180 लिटर. बेरीज साडेचारशेच्या घरात जाते. कुणीतरी त्यातून थोडं वजा करून 400 लिहिलं असणार.

आता प्रत्यक्ष. सेल्युलोजचं साखरेत रूपांतर पाऊणपट झालं तरी आम्ही खूश असतो. आंबवण्यात दहा टक्के जातात, ऊर्ध्वपातनात थोडं सांडतं. 273 चे 180 होतात. त्यात भुसा हाडकासारखा सुका कधीच नसतो, दहा-पंधरा टक्के पाणी आणि वर माती. झायलोज साधं यीस्ट खातच नाही, त्यासाठी जनुकं बदललेलं यीस्ट लागतं. सगळं धरून टनाला 150 लिटर म्हणा. पानिपतला इंडियन ऑइलच्या ज्या प्लांटचं 10 ऑगस्ट 2022 ला उद्घाटन झालं त्याचा जाहीर हिशोबही हाच आहे: वर्षाला 2 लाख टन भाताचा पेंढा, 3 कोटी लिटर इथेनॉल. भागाकार करून बघा.

मग तुमची वीस बिघे. आपल्याकडे पाचेक बिघ्यांचा हेक्टर धरतात, म्हणजे चार हेक्टर. गव्हाचा भुसा हेक्टरी पाच टनांच्या आत-बाहेर, हार्वेस्टर लावला तर त्यातला निम्मा हाती येतो. सोयाबीनचं भुसकट हेक्टरी टन-सव्वा टन. वर्षाकाठी पंधरा टन गोळा झालं तरी पुष्कळ. पंधरा टनांचे सव्वादोन हजार लिटर होतात. पंपावर येणारा एक टँकर बारा हजार लिटरचा असतो. तुमची वर्षभराची मेहनत त्याच्या एका कप्प्यात मावेल.

आणि गव्हाचा भुसा वाया जातो हे तरी कुठे खरं आहे? एप्रिल-मेमध्ये भुश्याचा भाव काय असतो ते गवळ्याला विचारा. जनावर जे खातं त्याला मी कचरा म्हणत नाही. खरा पडून राहणारा माल म्हणजे सोयाबीनचे दांडके आणि खाली निमाडात कपाशीच्या पळाट्या. आणि फोडायला सगळ्यांत चिवटही तेच.

चिवटपणा काय असतो ते गाईवरून कळतं. चार कप्प्यांचं पोट, त्यात अब्जावधी जिवाणू, दिवसभर रवंथ, आणि तरी शेणात काड्या दिसतातच. त्या काड्यांत उरतं ते लिग्निन, म्हणजे काडीला टणक करणारा भाग, आणि त्याने झाकून ठेवलेलं सेल्युलोज. गाईला जे दीड-दोन दिवसांत अर्धंमुर्धं जमतं ते आपल्याला लोखंडी टाकीत पूर्ण करायचं असतं. मळीत साखर आयती विरघळलेली असते, पाणी घाला, यीस्ट टाका, दुसऱ्या दिवशी अल्कोहोल. मक्यात स्टार्च असतो, शिजवून एन्झाइम (साखळी तोडणारं प्रथिन) लावलं की सुटतो. भुश्यात साखर तितकीच आहे, पण कुलूपबंद.

या कुलपाशी इंदूरची ओळख जुनी आहे. आपलं कृषी महाविद्यालय आहे ना, तिथे 1924 ते 1931 अल्बर्ट हॉवर्ड होते, जमीन होळकर दरबारची. त्यांच्याबरोबर यशवंत वाड हे रसायनतज्ज्ञ होते. जगभर ज्याला कंपोस्टची इंदूर पद्धत म्हणतात ती या दोघांची. पळाट्या आणि तुरीचे दांडके कुजत नाहीत, तर त्यांनी ते शेताच्या रस्त्यांवर पसरले आणि बैलगाड्या वरून जाऊ दिल्या. चाकांखाली चेचून मऊ झाले की खड्ड्यात. आम्ही ज्याला प्रीट्रीटमेंट म्हणून कोट्यवधींची यंत्रं लावतो, तिचं काम हेच: एन्झाइमला आत शिरायला वाट करून देणं. फरक एवढाच की कंपोस्टला तीन महिने थांबता येतं, कारखान्याला तीन दिवसही जड जातात.

प्रीट्रीटमेंटच्या दोन-तीन पद्धती चालतात. पातळ गंधकाम्ल, अर्धा ते दोन टक्के, 140 ते 190 अंश सेल्सिअसला. किंवा नुसती वाफ, 200 अंशांच्या आसपास, दाबाखाली पाच-दहा मिनिटं आणि मग दाब एकदम सोडायचा, की काडी आतून फुटते. किंवा कॉस्टिक सोडा, तो लिग्निन विरघळवतो पण नंतर धुऊन काढायला पाणी किती लागतं ते विचारू नका. भट्टी जरा जास्त लागली की साखर जळते आणि फरफ्युरल तयार होतं. पाक करपल्यावर जे होतं तेच, फक्त हा करपलेला पाक यीस्टला विषासारखा असतो. कमी लागली तर कुलूप उघडत नाही. मधली फट अरुंद आहे आणि ती प्रत्येक मालाला वेगळी असते.

मातीचं सांगतो, कारण हे कुठल्या माहितीपत्रकात सापडत नाही. एका पायलट प्लांटवर (नाव नको) आम्ही माळव्यातलाच भुसा आणला. थ्रेशरच्या ढिगातला पहिला ट्रक छान गेला. दुसरा ट्रक हार्वेस्टरनंतर रेकरने (जमिनीवरचा भुसा ओढणाऱ्या दातेरी यंत्राने) ओढून बांधलेल्या गाठींचा होता. तेच आम्ल, तेवढंच आम्ल, पण स्लरीचा, म्हणजे भुसा-पाण्याच्या लगद्याचा, सामू (pH) खाली येईना. दोन दिवस आम्लाच्या पंपाला शिव्या दिल्या, मीटर बदललं. मग एका हेल्परने गाठ सोडून जमिनीवर आपटली तर खाली मूठभर काळी माती. आपल्या काळ्या मातीत चुना असतो. तो चुना आमचं गंधकाम्ल खात होता. राख तपासली तर स्वच्छ भुश्याच्या दुप्पट निघाली. वर कटरची पाती पंधरा दिवसांत बोथट झाली ती वेगळीच. तेव्हापासून भुसा विकत घेताना मी भाव विचारायच्या आधी मूठभर पाण्यात टाकून बघतो, तळाला काय बसतं ते.

एन्झाइमची गोष्ट मात्र मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकमधल्या सॉलोमन बेटांवर अमेरिकन सैन्याचे सुती तंबू आणि कपडे भराभर कुजत होते. ते कोण कुजवतं म्हणून शोध घेतला तर एक बुरशी सापडली. एल्विन रीस यांनी तिच्यावर काम केलं, म्हणून पुढे तिचं नाव ट्रायकोडर्मा रीसी पडलं. तंबू वाचवायला निघालेल्या लोकांना तंबू खाणारी बुरशी मिळाली आणि आज भुसा फोडणाऱ्या बहुतेक एन्झाइमांचं मूळ तिच्यात आहे. तुमच्याकडे मुळांच्या रोगावर जी ट्रायकोडर्माची पावडर शेणखतात मिसळतात ती हिची चुलत भावंडं. पावडर भुश्यावर टाकून इथेनॉल होईल का असं मला दोघा-तिघांनी विचारलंय. नाही होणार. बुरशी साखर सोडवते ती स्वतः खायला.

टाकीत काय दिसतं ते सांगतो. वाफवलेला भुसा गडद तपकिरी, वास गूळ आणि ओल्या लाकडाच्या मधला. एन्झाइम 50 अंशांना आणि सामू पाचच्या जरा खाली चालतं. पहिल्या दिवशी आम्ही सगळा भुसा एकदम घातला, पाणी कमी ठेवून. मोटर सुरू केली, गुर्र झालं, आणि पंख्याने मधोमध आपल्यापुरतं एक भोक पाडलं. भोकात पंखा फिरतोय, भिंतीला चिकटलेला माल जागचा हलत नाही. थर्मामीटर मधे असल्याने 50 दाखवतोय, आणि बाहेरून गरम पाण्याच्या जॅकेटला लागलेला थर सत्तरीला पोचलेला. तिथलं एन्झाइम शिजून मेलं. बहात्तर तासांनी साखर मोजली तर अपेक्षेच्या निम्मी. पुढच्या वेळी भुसा चार हप्त्यांत घातला. पहिला हप्ता उप्पिटासारखा असतो, पाच-सहा तासांत त्याची पेज होते, मग दुसरा. साधी गोष्ट, पण तिच्यासाठी दहा-बारा किलो महागडं एन्झाइम वाया गेलं.

मग पाणी कमी का ठेवायचं, भरपूर घालून सैल का करू नये? इथे सगळ्या छोट्या प्लांटांचं घोडं अडतं. दहा टक्के भुसा आणि नव्वद टक्के पाणी घेतलं तर शेवटी दीड-दोन टक्के अल्कोहोलचं पाणी हाती येतं. मळीच्या वॉशमध्ये, म्हणजे आंबवून झालेल्या पाण्यात, आठ-दहा टक्के असतं. ऊर्ध्वपातनाला उष्णता लागते ती बरीचशी पाणी तापवायला. चार टक्क्यांच्या खाली गेलात की जेवढं इंधन काढता त्याच्या मानाने जाळलेलं जास्त वाटायला लागतं. घट्ट ठेवावं तर ढवळत नाही, सैल ठेवावं तर वाफ परवडत नाही. ज्याने ही गाठ सोडवली त्याचाच प्लांट चालला. आणि ऊर्ध्वपातनाच्या उंच नळ्याच्या, कॉलमच्या, तळातून निघणारं काळं पाणी, स्पेंटवॉश, त्याचं काय करणार? एका लिटरमागे दहा-बारा लिटर ते मळीतही निघतं, भुश्यात वॉश पातळ म्हणून त्याहून जास्तच. नाल्यात सोडलं तर मासे मरतात, प्रदूषण मंडळ टाळं लावतं, आणि लावायलाच हवं.

आंबवण्याबद्दल फार लिहीत नाही, तो भाग तसा सोपा. फक्त स्वच्छता. एकदा सकाळी शेडचं दार उघडलं तर ताकाचा वास आला. रात्री कुणीतरी न धुतलेला पाइप जोडला होता. लॅक्टिक जिवाणूंनी आमची साखर यीस्टच्या आधी खाल्ली होती. पाचशे लिटर महागडं ताक.

आता पेट्रोलमध्ये घालायचं म्हणता त्याकडे येऊ. साधा कॉलम कितीही उंच बांधला तरी अल्कोहोल वजनाने 95.6 टक्क्यांवर थांबतं. त्या टप्प्याला पाणी आणि अल्कोहोल 78.15 अंशांना एकत्रच उकळतात, त्यांना उकळून वेगळं करता येत नाही. उरलेलं पाणी झिओलाइटच्या खड्यांवरून वाफ नेऊन शोषावं लागतं. त्या खड्यांची छिद्रं इतकी बारीक की पाणी आत जातं आणि अल्कोहोल बाहेर राहतं. असं करून 99.5 टक्क्यांच्या वर नेलं की मगच ते इंधनाचं इथेनॉल.

चार टक्के पाण्याने असं काय बिघडतं? एक प्रयोग करून बघा, कॉलेजच्या प्रयोगशाळेत, घरात नको, जवळ ज्योत नको. बुचाच्या 250 मिलिलिटरच्या मोजनळीत पंपावरचं पेट्रोल 100 मिलिलिटर घ्या, त्यात 10 मिलिलिटर पाणी घाला, हलवून दहा मिनिटं ठेवा. तळाचा थर 10 राहत नाही, तिशीच्या आसपास जातो. पेट्रोलमधलं 20 टक्के इथेनॉल खाली उतरून पाण्याला मिळतं. हेच तुमच्या टाकीत झालं तर इंजिनाला खालून पहिल्यांदा तो पाणीदार थर मिळतो, आणि गाडी पावसात पाटनीपुऱ्याच्या चौकात बंद पडते. घरी काढलेलं 90-95 टक्क्यांचं अल्कोहोल टाकीत ओतणं म्हणजे हा थर स्वतःच्या हाताने तयार करणं. शिवाय पंपावरच्या पेट्रोलमध्ये 20 टक्के आधीच आहे. तुमचे वरून घातलेले कुठल्याच गाडीच्या हिशोबात नाहीत.

एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोनतृतीयांश ऊर्जा असते. 20 टक्के मिश्रणात ऊर्जा सहा-सात टक्क्यांनी कमी होते, हे आकडेमोडीने येतं, कुणी नाकारण्यात अर्थ नाही. दुसऱ्या बाजूला त्याचा ऑक्टेन (दाबाखाली वेळेआधी न पेटण्याचा आकडा) 108 च्या आसपास आहे, त्याचा फायदा इंजिन त्यासाठी बेतलं असेल तर मिळतो. वडिलांच्या जुन्या स्कूटरला मिळत नाही, तिचे रबरी पाइप तेवढे फुगतात.

कायद्याचं एका परिच्छेदात. मध्य प्रदेशात आबकारी अधिनियम 1915 चा आहे आणि परवान्याशिवाय अल्कोहोल गाळणं हा गुन्हा आहे, मग तुम्ही ते पिण्यासाठी गाळा की गाडीसाठी. आबकारीवाल्यांना भट्टी ही भट्टीच दिसते. पेट्रोलमध्ये मिसळण्याचं कामही आपलं नाही. ते तेल कंपन्यांच्या डेपोत होतं, आपल्याकडे मांगलियाला. इथेनॉल त्या कंपन्यांना निविदेतून विकायचं, त्यांच्या दर्जाचं, त्यांनी सांगितलेल्या प्रमाणात, टँकरने. सव्वादोन हजार लिटर घेऊन तिथे कुणी उभं करणार नाही.

खर्च विचारलात. पानिपतच्या प्लांटला 900 कोटींहून जास्त लागले. 3 कोटी लिटरने भागा: वर्षाला एक लिटर काढण्याच्या क्षमतेमागे 300 रुपये भांडवल. दहा टक्के व्याज धरलं तर लिटरमागे 30 रुपये नुसतं व्याज. भुसा जागेवर पोचता टनाला 3000 पडला तर 150 लिटरांत ते लिटरला 20 होतात. 50 झाले, अजून एन्झाइम, वाफ, वीज, माणसं, मुद्दल काहीच धरलं नाही. मक्याच्या इथेनॉलला 2024-25 साठी लिटरला 71 रुपये 86 पैसे भाव होता. छोटा प्लांट म्हणजे खर्च छोटा असं वाटतं, पण इथे उलटं होतं. दाबाची टाकी, कॉलम, झिओलाइट, बॉयलर, सांडपाण्याची सोय ही सगळी पलटण शंभर लिटरलाही लागते आणि लाख लिटरलाही.

मोठ्यांचंही फार सुखाचं चाललं नाही, हे सांगितलं पाहिजे. अमेरिकेत कॅन्ससला अबेंगोआने 2014 मध्ये प्लांट उघडला, दोन वर्षांच्या आत बंद. इटलीत क्रेसेंतीनोचा 2013 चा प्लांट 2017 ला थांबला. रोमानियात क्लॅरिअंटने पोदारीला गव्हाच्या काडावरचा प्लांट उभारला आणि 2023 च्या अखेरीस बंद केला. रसायनशास्त्र कुठेच चुकलं नव्हतं. कुठे गाठींतली माती आणि खडे, कुठे घट्ट स्लरी पुढे न सरकणं, कुठे मक्याच्या इथेनॉलशी भावाची बरोबरी न होणं. ब्राझीलमध्ये टिकाव धरला तो साखर कारखान्याला लागून असलेल्या प्लांटांनी, कारण उसाचं चिपाड गिरणीतून धुतलेलं, चेचलेलं, दारातच मिळतं. गोळा करायला ट्रॅक्टर फिरवावा लागत नाही. आपल्याकडे पुण्याच्या प्राज कंपनीने आणि मुंबईच्या आयसीटीने (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) स्वतःचं तंत्र उभं केलं. आयसीटीचा काशीपूरचा प्रात्यक्षिक प्लांट 2016 चा, दिवसाला 10 टनांचा. पानिपतला तंत्र प्राजचं. आसामात नुमालीगढला बांबूवरचा प्लांट झाला. म्हणजे जमतं, पण सरकारी तेल कंपनीच्या खांद्यावर. केंद्र सरकारची 2019 ची जी ‘जी-वन’ योजना आहे तीही अशाच प्लांटांच्या भांडवलातली तूट भरून काढण्यासाठी.

यातली एक गोष्ट तुमच्या कामाची आहे. आयोवामध्ये ड्यूपाँटने 2015 मध्ये मक्याच्या ताटांपासून इथेनॉलचा जगातला मोठ्यातला मोठा प्लांट उघडला. तोही बंद पडला. 2018 मध्ये तो व्हर्बिओ नावाच्या जर्मन कंपनीने घेतला आणि त्यात इथेनॉल काढायचं सोडून बायोगॅस काढायला सुरुवात केली. ताटं तीच, गोळा करायची यंत्रं तीच. याच कंपनीने पंजाबात लेहरागागाला पेंढ्यावर चालणारा प्लांट टाकला, 2022 मध्ये त्याचं उद्घाटन झालं: दिवसाला 300 टन पेंढ्यातून 33 टन बायोगॅसचं सीएनजी. टनाला 110 किलो. ऊर्जेत मोजलं तर एक टन पेंढ्यातून इथेनॉलच्या मार्गाने जेवढं मिळतं त्याच्या दीडपट इथे मिळतं. कारण जिवाणूंची ही टोळी झायलोज आणि आम्लं सगळं खाते, कुणाला सोडत नाही. एन्झाइम विकत घ्यावं लागत नाही. गॅस पाण्यातून आपोआप वर येतो, त्याला उकळून वेगळा करावा लागत नाही. आणि खाली उरतं ते खत म्हणून शेतात परत जातं. इथेनॉलच्या प्लांटात उरलेलं लिग्निन बॉयलरमध्ये जळतं, शेताला राख मिळते.

आपल्या देवगुराडियाचा प्लांट पाहिला असेल, 2022 चा, दिवसाला 550 टन ओला कचरा आणि 17 हजार किलो गॅस, ज्यावर सिटी बस चालतात. तो भुश्याचा नाही. भाज्या-फळांच्या साली सहज सडतात, भुसा तसा नाही, त्याला बारीक करून आणि शेणाबरोबर जास्त दिवस ठेवावं लागतं. पण इंदूरमध्ये गॅस विकत घेणारं गिऱ्हाईक आहे हे त्यावरून दिसतं.

तुम्हाला इथेनॉलच करायचं असेल तर भुसा सोडा आणि स्टार्चकडे बघा. महू-इंदूर पट्ट्यात बटाटा किती होतो ते मी सांगायला नको. शीतगृहातून निघालेला सडका, हिरवा, कापलेला बटाटा चिप्सवाले घेत नाहीत. 2018 च्या जैवइंधन धोरणात खराब बटाटा आणि माणसाला खाण्याजोगं न राहिलेलं धान्य इथेनॉलसाठी चालतं असं लिहिलेलं आहे. बटाट्यात पंधरा टक्क्यांच्या आसपास स्टार्च, प्रीट्रीटमेंट नाही, शिजवलं की काम झालं. तरीही स्वतः गाळू नका. परवाना असलेल्या धान्याच्या डिस्टिलरीला माल पुरवा. परवाना त्यांचा, सांडपाणी त्यांचं, तुम्ही माल आणि भाव बघा.

भुश्याचं म्हणाल तर पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून बेलर भाड्याने घ्यावा असं मी म्हणेन. गाठी बांधता आल्या की तुम्ही भुसा विकू शकता: गवळ्याला, वीटभट्टीला, बॉयलरच्या ब्रिकेट करणाऱ्याला, उद्या जवळपास गॅसचा प्लांट आला तर त्याला. गाठी नसतील तर तुमच्या भुश्याला फक्त काडेपेटी हे एकच गिऱ्हाईक आहे. रेकरचे दात जमिनीपासून चार बोटं वर ठेवा. थोडा भुसा शेतात राहील, राहू द्या, मातीलाही काही लागतं. आणि ज्या दांडक्यांना कुणीच विचारत नाही ते ट्रॅक्टरच्या वाटेवर पसरा. शंभर वर्षांपूर्वी वाडांनी बैलगाड्यांखाली घातले होते, तुमचा ट्रॅक्टर ते काम आठवड्यात करेल.

विज्ञान म्हणून प्रयोग करायचाच असेल, तर यंदा सोयाबीन निघालं की तीन ठिकाणचं भुसकट आणा: थ्रेशरखालचं, बांधावर पाऊस खाल्लेलं आणि रेकरने ओढलेलं. प्रत्येकी 100 ग्रॅम, 105 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन घटायचं थांबेपर्यंत सुकवा, पाणी किती ते कळेल. मग दोन ग्रॅम मफल भट्टीत 575 अंशांना जाळा आणि राख तोला. कॉलेजात ही दोन्ही उपकरणं असतात, एका दुपारचं आणि एका रात्रीचं काम. तिन्ही आकडे मला कळवा. तिसऱ्याची राख पहिल्याच्या दुप्पट निघाली तर माती कुठून आली ते आता तुम्हाला माहीत आहे.